यजमान आणि अतिथी रेणूंमधले दुबळे आकर्षण एनएमआरने कसे मोजावे

यजमान रेणूच्या पोकळीत अतिथी रेणू बसतो तेव्हा त्यांच्यात सहसंयुज बंध तयार होत नाही. हायड्रोजन बंध, व्हॅन डर वाल्स आकर्षण, आयन आणि द्विध्रुव यांची ओढ आणि पाण्यात असताना जलविरोधी परिणाम, एवढ्याच्याच आधारावर ते एकत्र राहतात, आणि क्षणोक्षणी सुटून पुन्हा जुळतात. ही जुळणी किती पक्की आहे हे बंधन स्थिरांकावरून, म्हणजे समतोलात जुळलेल्या आणि सुट्या रेणूंच्या संहतींवरून निघणाऱ्या आकड्यावरून कळते. एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) अनुमापनाने, म्हणजे अतिथी थोडा थोडा वाढवत दरवेळी वर्णपट घेऊन, हा स्थिरांक काढता येतोच, शिवाय अतिथी नेमका कुठे बसला आहे याचा सुगावाही लागतो, म्हणून मला ही रीत सर्वांत मोलाची वाटते.

उदाहरणासाठी बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन घेऊ. ग्लुकोजच्या सात घटकांच्या या कड्यात तिसऱ्या आणि पाचव्या कार्बनवरचे हायड्रोजन पोकळीच्या आतल्या बाजूला असतात. बेंझीन वलय असलेला अतिथी आत शिरला की या दोघांचे वर्णपटातले संकेत सरकतात आणि बाहेरच्या हायड्रोजनांचे संकेत जवळजवळ जागेवरच राहतात.

खरी कसोटी संहती निवडण्याची असते. बंधन स्थिरांक दर मोलरला 1000 च्या आसपास असेल, तर यजमानाची संहती 1 मिलिमोलर ठेवावी. तेवढाच अतिथी घातल्यावर सुमारे 38 टक्के, पाचपट घातल्यावर 81 टक्के आणि दहापट घातल्यावर 90 टक्के यजमान व्यापला जातो, म्हणजे वक्राचा उपयोगी भाग पूर्ण हाती येतो. हाच प्रयोग शंभरपट संहतीला केला, तर वक्राऐवजी जवळजवळ दोन सरळ रेषा मिळतात, आणि त्यांतून स्थिरांक विश्वासाने काढता येत नाही.

जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेल्या), योग्य बफरसह, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या मिश्रणासह, यजमानाचे 1 मिलिमोलर द्रावण करावे. अतिथीचे 30 मिलिमोलर द्रावण करताना साधे द्रावक न वापरता यजमानाचे हेच द्रावण वापरावे, म्हणजे थेंबाथेंबाने अतिथी वाढवताना यजमान विरळ होत नाही. नळीत 0.6 मिलिलिटर यजमान घेतला असेल, तर 20 मायक्रोलिटर भरीने त्याच्याइतकाच अतिथी जातो. सुरुवातीला 4 ते 5 मायक्रोलिटरच्या लहान भरी आणि पुढे मोठ्या भरी घालून दहापटीपर्यंत जावे, आणि प्रत्येक भरीनंतर द्रावण नीट ढवळून, तापमान स्थिरावल्यावरच वर्णपट घ्यावा. कार्बोक्झिलिक आम्ल असलेल्या अतिथीच्या बाबतीत बफर टाळू नये, कारण आम्लाचे उदासीन रूप आणि त्याचा आयन पोकळीत सारख्याच जोराने बसत नाहीत.

इथे एका गोष्टीकडे हटकून दुर्लक्ष होते. वर्णपटाचा शून्यबिंदू ठरवण्याच्या संदर्भासाठी घातले जाणारे टीएसपी किंवा डीएसएस हे द्रव्य स्वतःच सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत शिरू शकते, आणि मग आपण मोजत असलेल्या अतिथीला स्पर्धक निर्माण होतो. संदर्भ द्रव्य बंद केशनळीत, द्रावणापासून वेगळे ठेवावे.

अतिथीच्या आत-बाहेर होण्याची देवाणघेवाण जलद असेल तर एकच सरासरी संकेत सरकत जातो. मंद असेल तर मोकळ्या आणि व्यापलेल्या यजमानाचे वेगळे संकेत दिसतात, आणि त्यांच्या क्षेत्रफळांवरून थेट प्रमाण काढावे. जलद देवाणघेवाणीत केमिकल शिफ्टमधला (संकेताच्या जागेतला) बदल अतिथीच्या एकूण संहतीसमोर मांडून, एकास एक जोडीच्या समीकरणाशी अरेषीय पद्धतीने जुळवावा. व्यस्तांकांचा सरळ रेषेतला जुना आलेख सोपा असला तरी तो अगदी कमी संहतीच्या बिंदूंना अवाजवी वजन देतो आणि मोकळ्या अतिथीची संहती एकूण संहतीइतकीच धरतो.

जुळवणी झाल्यावर मोजलेल्या आणि गणिताने आलेल्या मूल्यांमधले फरक मांडून पाहावेत. ते शून्याभोवती विस्कळीत असतील तर एकास एक हे प्रारूप चालते. लाटेसारखा आकार दिसला तर एकास दोन किंवा दोनास एक जोडीचा विचार करावा. निव्वळ जॉब आलेखावर, म्हणजे एकूण संहती कायम ठेवून दोघांचे प्रमाण बदलत काढलेल्या आलेखावर, गुणोत्तर ठरवणे मला पटत नाही, कारण दुबळ्या जोड्यांत तो सहज फसवतो. संपूर्ण अनुमापन नव्या द्रावणांनी निदान तीनदा करावे, आणि स्थिरांकासोबत तापमान, द्रावक, बफर व वापरलेले प्रारूपही नोंदवावे. 25 अंश सेल्सियसला स्थिरांकातला दहापट फरक म्हणजे मुक्त ऊर्जेत दर मोलला 5.7 किलोज्यूल एवढाच फरक असतो.