पहिला पेंटबॉल मार्कर घ्यायचाय? आधी टाकी ठरवा

अमेरिकेत राहणारे, महिन्यातून एखादा शनिवार मित्रांबरोबर मैदानावर घालवणारे आणि भाड्याच्या मार्करला (रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकीला) कंटाळलेले, अशांसाठी हे लिहितोय. टाकी म्हणजे मार्करला लावायची, गोळी ढकलणाऱ्या वायूची बाटली.

पैसे मोजके असतील तर पहिली खरेदी मास्कची. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाचा, दुहेरी थर्मल (सहज धुकं न धरणाऱ्या) काचेचा. गोळीचा वेग २८० फूट प्रति सेकंद धरला, तर तो ताशी ३०० किलोमीटरहून जास्त होतो. त्यापुढे साधा गॉगल काही कामाचा नाही.

कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, ०.६८ इंचच घ्या. बहुतेक मैदानांवर गोळ्या त्याच मापाच्या मिळतात.

आता खरा प्रश्न. दुकानात गेलं की सगळे मार्करच्या दिसण्यावर बोलतात: दुर्बीण, खोटा सायलेन्सर, सैनिकी रंग. यातल्या कशानेही गोळी सरळ जात नाही. मार्कर नीट चालणार की रडणार, हे ठरतं त्याला कोणती हवा मिळते त्यावर. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच टप्प्याने, म्हणून इथे घाई करू नका.

पर्याय दोन. कार्बन डायऑक्साइड (सीओटू) स्वस्त. पण टाकीत तो द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमानावर नाचतो. २१ अंश सेल्सिअसला साधारण ८५० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब), शून्य अंशाला ५००च्या आसपास. भराभर गोळ्या झाडल्या की द्रवाची वाफ होताना टाकी गार पडते, दाब उतरतो आणि गोळी अर्ध्या वाटेत खाली येते. उलट जुलैच्या उन्हात दाब चढतो, वेग मैदानाच्या मर्यादेबाहेर जातो आणि पंच तुम्हाला बाहेर बसवतो. टाकी तिरकी झाली की द्रव थेट मार्करमध्ये शिरतो आणि आतल्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) गोठून चिरतात. ‘सुरुवातीला सीओटू पुरे’ हा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. टाकीत वाचवलेले पैसे पुढे दुरुस्तीत जातात.

दाबलेली साधी हवा घ्या. ४८/३००० ची अ‍ॅल्युमिनियम टाकी, म्हणजे ४८ घन इंच आणि ३००० पीएसआय. रेग्युलेटर दाब उतरवून एकसारखा देतो, त्यामुळे थंडीत काय आणि उन्हात काय, वेग फारसा हलत नाही. एका भरणीत चारशे-पाचशे गोळ्या निघतात. हौशी खेळाला तेवढं भरपूर. मात्र विकत घेण्याआधी तुमच्या मैदानावर हवा भरून मिळते का, हे विचारा.

टाकीवर चाचणीची तारीख कोरलेली असते. या टाक्यांना दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते. जुनी टाकी स्वस्तात मिळाली आणि तारीख उलटलेली असली, तर मैदानावर ती कुणी भरून देणार नाही.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. भरण्याच्या तोंडाला तेल लावायचं नाही. दाबाखालच्या हवेत तेल पेट घेतं. आणि टाकी मार्करमधून काढताना फिरतंय काय ते बघा. टाकीऐवजी तिचा व्हॉल्वच बाटलीतून सुटायला लागला, तर बाटली क्षेपणास्त्रासारखी उडते. सीओटूच्या टाक्यांनी अशी माणसं मारली आहेत. व्हॉल्व आणि बाटली यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की थांबा, हात काढा आणि जाणकाराकडे न्या.

टाकी ठरली की मार्करची यादी आपोआप लहान होते. बॅटरीवाले इलेक्ट्रॉनिक सोडा, मेकॅनिकलच घ्या. टिपमनचा ९८ कस्टम किंवा क्रोनस: जड, थोडे हिसका देणारे, पण मातीत पडून चालणारे, आणि सुटे भाग सहज मिळणारे. थोडे जास्त पैसे असतील तर प्लॅनेट एक्लिप्सचा एमेक. हिसका कमी, गोळ्या आत कमी फुटतात. तो फक्त हवेवर चालतो, सीओटू त्याला लावायचाच नाही. माझं मत विचाराल तर ज्याला वर्षभर खेळायचंय त्याने एमेक घ्यावा. वर्षातून चारदा खेळणाऱ्याला टिपमन पुरतो. महागडी नळी (बॅरल) मात्र पहिल्या दिवशी घेऊ नका, ताज्या गोळ्या घ्या.

जुना घेत असाल तर विकणाऱ्याला मैदानावरच बोलवा. हवा लावा आणि कान जवळ नेऊन ऐका. फुसफुस येत असेल तर कुठून येतेय ते त्यालाच दाखवायला सांगा. ओ-रिंग असेल तर खर्च किरकोळ. मग मास्क घालून वेगमापकावर ओळीने सहा-सात गोळ्या झाडा. आकडे एकमेकांपासून सेकंदाला दहा फुटांच्या आत राहिले तर पैसे द्या. पहिली २७५ आणि तिसरी ३१० असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी तो घेऊ नका.