अग्निकांडाचे कवन रचताना

गावात लागलेल्या आगीवर गौरी-गणपतीच्या जाखडीसाठी (कोकणातल्या गाण्या-नाचासाठी) कवन मागितले गेले, की शाहिराला पहिला मोह ज्वाळांच्या वर्णनाचा होतो. तो आवरून आधी आगीची तिथी, वेळ आणि ती पेटली ते नेमके ठिकाण वहीत टिपावे.

या कामी एक जुने उदाहरण उपयोगी पडते. अमेरिकेतील बॉस्टनमध्ये २० मार्च १७६० रोजी, रात्र सरण्यापूर्वी, कॉर्नहिल भागातील ‘ब्रेझन हेड’ या ठिकाणी लागलेली आग वायव्येच्या जोरदार वाऱ्याने थेट बंदरापर्यंत नेली. ३४९ इमारती जळाल्या आणि हजारावर माणसे बेघर झाली. अशा घटनांवरची पद्ये त्या काळी कागदाच्या एकाच बाजूला छापून स्वस्तात विकली जात. या आगीवरील एका पद्याच्या शीर्षकातच देवाच्या हाताने दिलेल्या दटावणीचा उल्लेख आहे, कारण संकट म्हणजे पापाची शिक्षा, ही तेथील श्रद्धा होती. (राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव, कोपला, असे म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत.) ही समजूत कवनात आणायची असल्यास एखाद्या म्हातारीच्या तोंडी एका कडव्यापुरती आणावी, राब भाजताना (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळताना) सुटलेली ठिणगी किंवा तारांचे घर्षण, जे खरे कारण निघाले असेल, त्याची जागा त्या समजुतीला देऊ नये.

कडव्यांचा क्रम वाऱ्याच्या वाटेने लावावा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यात पेटलेला डोंगर समुद्राच्या अंगाला उतरतो, तर दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की तीच आग सड्याकडे, म्हणजे वरच्या कातळी पठाराकडे, वळते; त्यामुळे आधी गवताची उडवी, मग काजूची कलमे, मग मांगर (शेतावरचे खोपट) अशा क्रमाने गायलेले कवन ऐकताना त्या वाडीत कधी न गेलेल्या माणसालाही आगीचा रस्ता दिसतो. ध्रुपद, म्हणजे कडव्यांमागून पुन्हा पुन्हा येणारे पालुपद, मात्र छोटे आणि ढोलकीवर सहज बसणारे असावे.

नुकसानीचे आकडे तलाठ्याच्या पंचनाम्यातून घ्यावेत; ज्याच्यावर नुसता संशय आहे, त्याचे नाव यमकासाठीही घालू नये. कवन पुरे झाल्यावर ते मंडपात उभे करण्याआधी, ज्यांचे जळाले त्यांच्या पडवीत बसून एकदा ढोलकीशिवाय म्हणून दाखवावे आणि जेथे त्यांची मान खाली जाईल, ती ओळ बदलावी.