घोडी फळवल्यानंतरच्या चार तासांची नोंद

ग्वाल्हेरला आमच्या तबेल्यातील उतारवयाच्या घोडीला घोडा दाखवल्यावर (म्हणजे घोड्याशी समागम झाल्यावर) गर्भाशयात पाणी साचून राही आणि गर्भ टिकत नसे. आता घोडा दाखवल्याची वेळ आम्ही दारावर खडूने लिहितो आणि पशुवैद्यांना लगेच कळवतो, म्हणजे ४ ते ६ तासांनी ते निर्जंतुक सलाईनने गर्भाशय धुऊन ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावून पाणी बाहेर पडावे म्हणून द्यायचे औषध) देऊ शकतात. गर्भधारणेला पुरेसे शुक्रजंतू तोवर बीजनलिकेत पोहोचलेले असतात. घोडीला बांधून न ठेवता फिरवावे, कारण चालण्याने पाणी बाहेर पडण्यास मदत होते. गर्भाशयाला थोडी सूज येणे स्वाभाविकच असते, तरी दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी अवश्य करावी. ४ तासांच्या आत मात्र गर्भाशय धुऊ नये, आणि ऑक्सिटोसिन स्वतःच्या हाताने कधीही टोचू नये.