पेटाऱ्यातली डेमो कॅसेट वाचवायची कशी?

आमच्या हार्डकोअर पंक (म्हणजे सुसाट, आरडाओरड्याचं रॉक) बँडचा एकुलता एक डेमो, म्हणजे नमुन्याची कच्ची रेकॉर्डिंग, आम्ही जिनिंगच्या रिकाम्या गोडाऊनात टू-इन-वनवर रेकॉर्ड केला. मग ती कॅसेट आर्वीजवळच्या गावी, टिनाखालच्या पेटाऱ्यात, लग्नाच्या कॅसेटींसोबत पडून राहिली. पडून राहणं तसं वाईट नाही. वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्स या बँडनं १९७९ साली रेकॉर्ड केलेली गाणी १९९६ मध्ये बाहेर आली, तिथल्याच मायनर थ्रेट या बँडचा १९८१ चा पहिला डेमो तर थेट २००३ मध्ये. तोवर फीत टिकली पाहिजे, एवढंच.

कॅसेट सापडली की लगेच वाजवू नका. आधी वरच्या कडेचे दोन छोटे टॅब मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग काचेतून फीत बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती झडीच्या दिवसांत धरलेली बुरशी. अशी फीत वाजवाल तर ती प्लेअरलाही लागेल. उन्हाळ्यात टिनाखाली वेगळाच त्रास होतो: खोकं वाकतं, फितीला दाबून धरणारा नमद्याचा तुकडा सुटतो. पाच स्क्रूंचं खोकं असेल तर दोन्ही चकत्या फितीसकट दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवा. सैल फीत पेन्सिलीनं घट्ट करा आणि एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा.

प्लेअरचं हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापसानं पुसा. (कापसाची आपल्याकडे काय कमी!) पुसल्यावरही झांजा दबलेल्या वाटल्या, तर हेडजवळचा छोटा स्क्रू केसभर फिरवून बघा, आधीची जागा मात्र खूण करून ठेवा.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका, आवाज फाटतो. लाइन-इन (प्लेअरची वायर लावायचं वेगळं भोक) असलेलं साधं यूएसबी साउंड कार्ड घ्या. आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात सेटिंग ठेवा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, फाइल डब्ल्यूएव्ही. सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत. तासाभराच्या कॅसेटला सुमारे १ जीबी जागा लागते.

आता खरी मजा. जुन्या प्लेअरचा पट्टा ढिला असतो, सेल उतरलेले असतात, त्यामुळे मूळ वेग कोणता ते कळत नाही. हार्डकोअरमध्ये तर सगळंच सुसाट, कान सांगणार तरी काय? पण लाइनवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरची घुंई फितीत उतरलेली असते आणि आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. गाणं सुरू व्हायच्या आधीचा शांत तुकडा निवडा, ऑडॅसिटीतला प्लॉट स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख) उघडा. टोक ५० ऐवजी ४८ वर दिसलं तर फीत हळू चालली आहे; ऑडॅसिटीतल्याच वेग बदलायच्या इफेक्टनं वेग ४.१७ टक्के वाढवा. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंगला ६० धरा. रेकॉर्डिंगच्या वेळी बँड जनरेटरवर वाजला असेल तर या युक्तीचा भरवसा नाही, सगळं सेलवर चाललं असेल तर घुंईच सापडणार नाही. आणि कॉपी करताना नवी घुंई मिसळू नये म्हणून प्लेअर नव्या सेलवर, लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. लाइन गेली असेल तर उलट बरंच.

मूळ फाइलला हात लावू नका. जे करायचं ते तिच्या नकलेवर. माझं ऐकाल तर खरखर काढायच्या भानगडीत पडूच नका. त्या फिल्टरनं झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या होतात, आणि गोडाऊनाचा घुमारा गेला की उरतं काय? एक प्रत लॅपटॉपवर, एक हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावी कुणाकडे तरी.

बाहेर टाकण्याआधी बँडमधल्या प्रत्येकाला विचारा. आमचा ड्रमवाला आता सोयाबीन पिकवतो. त्यानं बांधावर बसून मोबाइलवर सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बाकी टाक भाऊ, पण शेवटची दोन नको. त्यात मी चुकलो." ती दोन अजून हार्डडिस्कवरच आहेत.