पाण्याचा पाइप नसताना गाडी धुणे

खरा धोका ओरखड्यांचा. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की तीच धूळ पॉलिश पेपरसारखी रंग घासते. म्हणून आधी झारीने किंवा स्प्रेपंपाने ५-६ लिटर पाणी वरून खाली सोडा आणि चिखल भिजू द्या. मग दोन बादल्या: एकीत १० लिटर पाणी आणि बाटलीवरच्या प्रमाणात कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरने एक भाग पुसला की फडकं साध्या पाण्यात खळबळून पिळा, मगच पुन्हा शाम्पूत. हा क्रम कंटाळा करून मोडू नका. टपापासून सुरुवात, चाकं शेवटी, वेगळ्या फडक्याने. फेस सुकण्याआधी झारीने उतरवा, कोरड्या फडक्याने टिपा. बॉनेट तापलेलं असेल तर थांबा, नाहीतर डाग धरतात. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा रंगाला लावू नका.