रक्त किती वाजता काढलं? ॲलर्जी आणि श्वसनरोगांच्या लॅबमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इम्युनॉलॉजी शिकायला बसलेला विद्यार्थी आधी इंटरल्युकिनचे (पेशी एकमेकींना पाठवतात त्या रासायनिक निरोपांचे) नंबर पाठ करतो आणि परीक्षा झाली की विसरतो. त्याऐवजी पेशींचं घड्याळ पाठ करावं. कोणती पेशी मिनिटांत जागी होते, कोणती तासांनी येते, कोणती दोन दिवस लावते, हे एकदा डोक्यात बसलं की ॲलर्जीच्या बहुतेक तपासण्यांचा अर्थ आपोआप लागतो. लॅबमधल्या निम्म्या चुकाही याच घड्याळाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

सगळ्यात घाईची मास्ट सेल. पॉल एर्लिकने तिला हे नाव 1878 मध्ये दिलं. ती रक्तात फिरत नाही. त्वचेत, नाकाच्या अस्तरात, श्वासनलिकेच्या भिंतीत ठाण मांडून असते, अंगावर आयजीई (ॲलर्जीतली) प्रतिपिंडं चिकटवून. धुळीतल्या कीटकाचं किंवा परागाचं प्रथिन शेजारशेजारच्या दोन आयजीईंना एकदम जोडतं, आणि काही मिनिटांत हिस्टामिन बाहेर पडतं. स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर थेंब ठेवून हलकं टोचायची) 15 ते 20 मिनिटांनी वाचतात ती यामुळे. गांधीचा व्यास तुलनेसाठी टोचलेल्या सलाइनच्या ठिकाणापेक्षा निदान 3 मिमीने मोठा हवा. भोवतालची लाली मोजायची नाही, फुगवटा मोजायचा. दोन थेंबांत 2 सेंमी अंतर ठेवा, नाहीतर एकाची लाली दुसऱ्यात मिसळते. तुलनेसाठी ठेवलेला हिस्टामिनचा थेंबच फुगला नाही तर पूर्ण टेस्ट रद्द समजा: रुग्ण बहुधा सेटिरिझिनसारखी हिस्टामिनविरोधी गोळी घेऊन आलाय. साधारण आठवडाभर ती गोळी बंद हवी. सर्दीच्या मिश्र गोळ्यांमध्येही हेच औषध असतं, म्हणून ‘ॲलर्जीची गोळी घेता का’ एवढं विचारून भागत नाही, पाकीट दाखवायला सांगा. डॉक्टर समोर नसताना आणि ॲड्रिनॅलिन हाताशी नसताना ही टेस्ट सुरू करू नये. मोठ्या माणसाला 1 मिग्रॅ/मिली द्रावणातलं 0.5 मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत.

दुसरी फळी काही तासांनी येते. सकाळी धूळ झाडली, शिंका थांबल्या, आणि संध्याकाळी छाती पुन्हा घुरघुरायला लागली, तर ते इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचं काम. टीएच-2 आणि आयएलसी-2 या प्रतिकारपेशी आयएल-5 (इंटरल्युकिन-5) सोडतात, त्याच्या हाकेवर अस्थिमज्जेतून इओसिनोफिल निघतात. त्यांच्या कणांतली प्रथिनं श्वासनलिकेचं अस्तर सोलतात. हिस्टामिनविरोधी गोळी इथे फारशी चालत नाही, श्वासातून घेतलेलं स्टेरॉइड चालतं.

तिसरं घड्याळ क्षयासाठीच्या मांटू टेस्टचं, 48 ते 72 तास. तिथे आयजीईचा संबंध नाही, टी पेशी आणि मॅक्रोफेज (भक्षक पेशी) जमा होतात. प्रिक आणि मांटू दोन्ही त्वचेवरच करतात म्हणून नवे लोक त्यांची गल्लत करतात.

आता रोजचं काम, इओसिनोफिल मोजणं. थेट मोजणीत 20 मायक्रोलिटर रक्त आणि 180 मायक्रोलिटर डंगर द्रावण, म्हणजे 1:10. द्रावणात इओसिन, ॲसिटोन आणि डिस्टिल्ड वॉटर असतं. पाण्याने लाल पेशी फुटतात, ॲसिटोन इओसिनोफिलला सांभाळतं. पण फार वेळ नाही. मिश्रण तासभर ठेवून चहाला गेलात तर इओसिनोफिलही फुटतात आणि आकडा खोटा कमी येतो. न्यूबाउअर चेंबर (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच) भरून तीन ते पाच मिनिटं ओल्या पेट्री डिशमध्ये ठेवा, मग नऊही मोठे चौकोन मोजा. एकूण आकारमान 0.9 घनमिमी, म्हणून मोजलेला आकडा गुणिले 10, भागिले 0.9. नऊ चौकोनांत 36 पेशी दिसल्या तर दर घनमिमीला 400.

या 400 वर किती विश्वास ठेवायचा, हे शिकवायला कुणाला वेळ नसतो. 36 मोजल्यात तेव्हा निव्वळ योगायोगाचा फरक दोन्ही बाजूंना साधारण 12 पेशींचा. म्हणजे खरा आकडा 270 असू शकतो, 530 सुद्धा. चेंबरच्या दोन्ही बाजू मोजल्या तर हा पसारा आवरतो. स्लाइडवरच्या डिफरेन्शियल काउंटमध्ये (पांढऱ्या पेशींच्या प्रकारवार टक्केवारीत) परिस्थिती आणखी वाईट: 100 पेशींत 3 इओसिनोफिल दिसले, तर खरं प्रमाण 1 ते 8 टक्क्यांत कुठेही बसतं. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट अडथळ्याच्या आजाराच्या) रुग्णाला इनहेलरमध्ये स्टेरॉइड द्यावं का, हे ठरवताना डॉक्टर 100 आणि 300 या दोन रेषा बघतात. 290 आणि 310 मधला फरक रुग्णातला नसून तुमच्या चेंबरमधला असू शकतो. स्लाइडवर निदान 200 पेशी मोजा, हात बसेपर्यंत 400.

रंगाचंही तसंच. लिशमन स्टेनचे आठ-दहा थेंब, दोन मिनिटं. मग दुप्पट बफर, पीएच 6.8, सात ते दहा मिनिटं. बफर संपला म्हणून बोअरचं जड पाणी वापरलं की स्लाइड निळी पडते, इओसिनोफिलचे नारिंगी कण करडे दिसतात आणि पेशी न्यूट्रोफिलमध्ये जमा होते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्मिअर नीट न वाळवता स्टेन टाकला, किंवा मिथेनॉलमध्ये पाणी शिरलं, तर लाल पेशींत चकाकणारे गोळे दिसतात. तो रोग नव्हे.

आणि वेळ. शरीरातलं कॉर्टिसॉल सकाळी जास्त असतं, त्यामुळे इओसिनोफिल सकाळी उशिरा सर्वांत कमी आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत जास्त. एकाच रुग्णाचे दोन रिपोर्ट ताडून बघायचे तर दोन्ही वेळा रक्त त्याच सुमाराला काढलेलं हवं. स्टेरॉइडची एक सुई काही तासांत इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे करते. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याहून किंवा पेठहून दम लागला म्हणून निघालेला माणूस वाटेत ‘सुई मारून’ येतो, आणि शहरातल्या रिपोर्टवर इओसिनोफिल शून्य. फॉर्मवर वेळ आणि औषध या दोन रकान्यांशिवाय नमुना घेऊच नये, असं आमचं ठाम मत आहे.

आकडा वाढला म्हणजे ॲलर्जी, हा दुसरा सापळा. अनवाणी शेतात काम करणाऱ्यांत अंकुशकृमी इओसिनोफिल सहज वाढवतात, म्हणून शौच तपासणी आधी. स्ट्राँगिलॉइडिस हा आतड्यातला दुसरा कृमी असताना स्टेरॉइड दिलं तर जिवावर बेततं. आकडा 3000 च्या वर, रात्रीचा खोकला, आणि माणूस विदर्भ किंवा बिहारसारख्या हत्तीरोगाच्या भागातून नाशिकच्या सातपूर-अंबडला कामाला आलेला, तर ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया (हत्तीरोगाच्या जंतांमुळे होणारा फुप्फुसांचा आजार) डॉक्टरांच्या कानावर घाला. तो दम्यासारखा दिसतो, पण औषध वेगळं.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेतला खोकला उलट्या बाजूचा. गंधकाच्या धुरळणीनंतर घसा जळतो, खोकला येतो, आयजीई मात्र साधं. ही चिडचिड आहे, ॲलर्जी नव्हे, आणि थुंकीत बहुधा न्यूट्रोफिल सापडतील. पावसाळ्यानंतर फुलणारं गाजर गवत मात्र खरी ॲलर्जी देतं. त्याचा त्वचारोग टी पेशींचा असतो, पॅच टेस्टला (पाठीवर पट्टी चिकटवून करायची) 48 तास लागतात. त्याच्या परागाने होणारी सर्दी आयजीईची, ती प्रिकवर दिसते. गवत एक, घड्याळं दोन.

थुंकीची तपासणी ज्यांना शिकायला मिळेल त्यांनी सोडू नये. आधी साल्ब्युटामॉल, मग 3 ते 5 टक्के सलाइनची वाफ, आणि मध्ये मध्ये एफईव्ही-1 (पहिल्या सेकंदात जोराने सोडलेला श्वास) मोजायचा; तो 20 टक्के उतरला की थांबायचं. लाळ नको, त्यातले घट्ट गोळे चिमट्याने वेचायचे, डायथायोथ्रायटॉलने विरघळवायचे, सायटोस्पिन करून (पेशी फिरवून स्लाइडवर बसवून) 400 पेशी मोजायच्या. दोन तासांत काम संपवा. तोंडाच्या चपट्या पेशींचीच गर्दी दिसली तर नमुना परत मागवा, रिपोर्ट देऊ नका. इओसिनोफिल साधारण 3 टक्के किंवा जास्त असतील तर स्टेरॉइडला प्रतिसाद मिळण्याची शक्यता चांगली.

दम्याच्या नव्या इंजेक्शनांपैकी मेपोलिझुमॅब आयएल-5 ला पकडतं, बेनरालिझुमॅब त्याच्या रिसेप्टरला, ओमालिझुमॅब आयजीईला. बेनरालिझुमॅबवर असलेल्या रुग्णाचे इओसिनोफिल शून्य येणं अपेक्षितच असतं. मशीनचा फ्लॅग (इशारा) बघून नमुना टाकून देऊ नका.

शिक्षणाचं थोडक्यात. लॅबमध्ये लवकर उभं राहायचं असेल तर आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी). हे विद्यापीठ नाशिकचंच, म्हसरूळला. संशोधनाकडे जायचं तर पुणे विद्यापीठाच्या इथल्या कॉलेजांतून बीएस्सी-एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, मग सीएसआयआर-नेट किंवा डीबीटीची बेट या संशोधन शिष्यवृत्तीच्या परीक्षा. पुण्याचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र फार लांब नाही. नोकरीच्या मुलाखतीला गेलात की पगाराआधी तीन गोष्टी विचारा: बफर कोण बनवतं, मशीनने इओसिनोफिलवर फ्लॅग दिला तर स्लाइड कोण बघतं, आणि नमुन्याच्या फॉर्मवर वेळेचा रकाना आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तरी नोकरी घ्या, पण पहिल्याच दिवशी ट्यूबवर वेळ लिहायला लागा.