मक्याचा फुलोरा आणि वाढते तापमान: पेरणीपूर्वी करावयाचा विचार

मका उन्हाला दाद देत नाही, असा समज आहे आणि तो अर्धा खराही आहे. भर उन्हात भराभर अन्न तयार करणारे हे पीक आहे आणि साधारण ३० अंश सेल्सिअसपर्यंतची ऊब त्याला मानवते. त्यापुढे मात्र उत्पादनाला गळती लागते. आफ्रिकेतील २०,००० हून अधिक मका-चाचण्यांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ३० अंशांच्या वर एक अंश जास्त तापमानात पिकाने काढलेल्या प्रत्येक दिवसामागे उत्पादन पाऊसपाणी चांगले असतानाही सुमारे १ टक्का घटते, तर पाण्याचा ताण असल्यास ही घट १.७ टक्के होते. पाणी दिल्याने उष्णतेचा फटका सौम्य होतो, पण पुरता टळत नाही, हे पेरणीची तारीख ठरवतानाच लक्षात घ्यावे.

हा फटका पिकाला सर्व अवस्थांत सारखा बसत नाही. गुडघ्याएवढा मका दुपारी पाने गुंडाळतो, संध्याकाळी पुन्हा उलगडतो आणि बहुतेक वेळा सावरतो. तुरा बाहेर पडण्याच्या आधीचा एक आठवडा आणि कणसाला केसर आल्यानंतरचे दोन आठवडे मात्र नाजूक असतात, कारण केसराचा एकेक धागा एकेका दाण्याशी जोडलेला असतो आणि ज्या धाग्यावर जिवंत परागकण पोहोचत नाही, तो दाणा धरतच नाही. तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागले, त्यातच हवा कोरडी असली, की परागकण लवकर निकामी होतात. तरीही तुऱ्यातून रोज सकाळी नवे पराग पडत असल्याने एखाद्या तापलेल्या दुपारीने पीक हातचे जात नाही. त्याहून मोठा धोका केसर लांबण्याचा आहे: पाण्याच्या ताणात तुरा ठरल्या वेळी येतो, केसर मागे राहते आणि ते बाहेर पडेपर्यंत पराग संपत आलेले असतात.

म्हणून पेरणीची तारीख उलट्या क्रमाने काढावी. आपल्या भागातील सर्वांत तप्त आठवडे कोणते, हे मागील काही वर्षांच्या नोंदींवरून पाहावे आणि फुलोरा त्यांच्या आधी किंवा नंतर येईल असा वाण व दिवस निवडावा. बियाण्याच्या पिशवीवर फुलोऱ्याचे जे दिवस छापलेले असतात, ते उष्ण हंगामात कमी भरतात, कारण उबेत पिकाची वाढ घाईने होते. सर्व क्षेत्र एकाच दिवशी पेरण्यापेक्षा ८ ते १० दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत पेरणे, किंवा निरनिराळ्या कालावधीचे दोन वाण घेणे, अधिक शहाणपणाचे ठरते. उष्णता सोसणारे संकरित वाण उपलब्ध असल्यास त्यांना प्राधान्य द्यावे, पण त्यांच्या भरवशावर पाण्याची पाळी लांबवू नये.

फुलोऱ्यात उष्ण, कोरड्या हवेत पिकाला दिवसाला ७ ते ८ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे एकरी सुमारे ३०,००० लिटर. पाणी मोजकेच असेल, तर सुरुवातीच्या पाळ्यांत काटकसर करून ते या दिवसांसाठी राखावे. पाने दुपारी गुंडाळली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. सकाळी आठ-नऊलाच गुंडाळलेली दिसली, तर पाण्याला आधीच उशीर झाला आहे असे समजावे. ओळींमधील आच्छादनाने जमिनीचा ओलावा टिकतो. तापलेल्या कोरड्या जमिनीवर युरिया फेकून ठेवल्यास त्यातील नत्र हवेत उडून जाते, म्हणून तो मातीआड करावा किंवा लगेच पाणी द्यावे. झाडांची दाटी वाढली की केसर आणखी लांबते, त्यामुळे शिफारशीपेक्षा दाट पेरणी करू नये.

रात्री उकाडा असेल, तर दिवसा साठवलेले अन्न झाड श्वसनात खर्च करते, दाणे भरण्याचा काळ आखडतो आणि कणीस भरलेले दिसले तरी वजनाला हलके राहते. यावर शेतात करण्यासारखे फारसे काही नाही.

दाणे धरले की नाही, हे कापणीपर्यंत थांबून पाहण्याची गरज नसते. केसर आल्यानंतर आठ-दहा दिवसांनी शेताच्या वेगवेगळ्या भागांतून दहा-बारा कणसे काढावीत, प्रत्येकावरील पानांचे वेष्टन धारदार चाकूने उभे चिरून केसर न ओढता अलगद सोडवावे आणि कणीस हळूच झटकावे. फळलेल्या दाण्यांचे केसर आपोआप गळून पडते, न फळलेल्यांचे चिकटून राहते. बहुतेक कणसांवर केसर तसेच राहिले, तर धान्यासाठी आणखी पाणी व खत घालण्यापेक्षा पीक हिरवे असतानाच चाऱ्यासाठी किंवा मुरघासासाठी कापण्याचा विचार करावा. अशा ताण बसलेल्या मक्याच्या ताटाच्या बुडख्यात नायट्रेट साठलेले असू शकते आणि ते जनावरांना विषारी ठरते, म्हणून कापणी जमिनीपासून वीतभर तरी वर करावी आणि चारा एकदम भरपूर न घालता इतर चाऱ्यात मिसळून थोडा थोडा द्यावा.